ड्रग्ज कायदेशीर होणार म्हटल्यावर टोळ्या नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका काल्पनिक देशाचा पंतप्रधान सगळे अमली पदार्थ कायदेशीर करणारं विधेयक आणतो. धंदा बुडणार म्हणून देशातली सगळ्यांत मोठी टोळी त्याची सुपारी देते आणि एक पोलिस अधिकारी तो कट उधळायला धावतो. कादंबरीचा आराखडा तयार आहे, पण ज्यांनी तो वाचला त्यांना टोळीचं वागणं पटत नाही. ते पटेल असं कसं करायचं?

मी बरीच वर्षं राजकीय थरारकादंबऱ्यांचं संपादन करते आहे आणि त्यातल्या पुष्कळशा याच विषयाभोवती फिरणाऱ्या होत्या. तुमच्या वाचकांना काय खटकलं याचा मला अंदाज आहे. तुमच्या टोळीसमोर दोनच शक्यता आहेत: कायदा झाला की धंदा संपला, कायदा अडला की धंदा वाचला. खऱ्या टोळ्या असा विचार करत नाहीत. विधेयक येणारच असं दिसलं की त्यांचं पहिलं लक्ष जातं ते त्यातल्या पोटकलमांकडे. परवाना कोणाला मिळणार, कर किती लागणार, जुन्या गुन्हेगारांना दार उघडं राहणार की बंद? मतदानाच्या दिवशी काय होतं यापेक्षा नियमांचा मसुदा कोणाच्या हाताखालून जातो यात खरा थरार आहे. तुमची कादंबरी मतदानापाशी संपते. माझ्या मते ती तिथे जेमतेम निम्मी झालेली असायला हवी.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून टाका, कारण आराखड्यात ती गोंधळलेली आहे. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून स्वतःपुरते, म्हणजे साधारण दहा दिवस पुरतील इतके अमली पदार्थ बाळगणं हा फौजदारी गुन्हा ठेवला नाही. विक्री मात्र गुन्हाच राहिली. म्हणजे ग्राहकाची सुटका झाली, पण पुरवठा टोळ्यांकडेच राहिला. नेदरलँड्समध्ये १९७६ नंतर कॉफीशॉपमधून गांजाची किरकोळ विक्री चालवून घेतली गेली, पण दुकानदाराने माल आणायचा कुठून याचं कायदेशीर उत्तर अनेक दशकं नव्हतं. पुढच्या दाराने खुली विक्री आणि मागच्या दाराने तस्करी. उरुग्वेने २०१३ मध्ये लागवडीपासून विक्रीपर्यंत सगळी साखळी कायद्याखाली आणली, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून. पण तीही फक्त गांजाची. तुमचा पंतप्रधान ‘सगळे’ अमली पदार्थ एका विधेयकात खुले करतो, हे कोणत्याही मंत्रिमंडळात टिकणार नाही. त्याला एकाच पदार्थापासून सुरुवात करू द्या. त्यातून एक फार चांगला पेच तयार होतो: टोळीतल्या गांजावाल्यांचं पोट कापलं जातं, कोकेनवाल्यांचं नाही, आणि टोळीत आतूनच फूट पडते.

आता मुख्य गोष्ट. बंदी ही टोळीची शत्रू आहे असं आपण गृहीत धरतो, पण तिची कमाई बंदीवरच उभी असते. शेतावरचा माल आणि गल्लीतली पुडी यांच्या किमतीत जो प्रचंड फरक असतो, तो बहुतांशी जोखमीचा मोबदला आहे. पकडलं जाण्याची, लुटलं जाण्याची, मारलं जाण्याची जोखीम. पीटर रॉयटर आणि मार्क क्लायमन या अभ्यासकांनी १९८६ मध्येच ही मांडणी नीट केली होती. ही जोखीम पेलू शकणारे थोडेच असतात, म्हणून स्पर्धाही थोडी. कायदा आला की ही भिंत पडते आणि शेतीतज्ज्ञ, वितरक, भांडवलदार असे नवे लोक आत येतात. यांच्याशी बंदुकीने लढता येत नाही.

म्हणून बंदी टिकावी असं वाटणाऱ्यांची जी फळी उभी राहते, ती तुमच्या कादंबरीत सध्या जवळजवळ नाहीच. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ब्रूस यँडल यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की रविवारी दारूविक्री बंद ठेवणारे कायदे दोन गटांना हवे असतात: धर्मोपदेशकांना आणि चोरटी दारू विकणाऱ्यांना. एक गट व्यासपीठावरून नैतिक बळ देतो, दुसरा गप्प राहून पैसा कमावतो. दोघांनी एकमेकांना भेटण्याचीही गरज नसते. मिसिसिपी राज्यात तर दारूबंदी १९६६ पर्यंत चालली आणि मधल्या काळात राज्य सरकार बेकायदा दारूच्या विक्रीवर रीतसर कर वसूल करत होतं. वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात टक्केवारी मिळायची. आता तुमच्या अर्थ खात्यातला एखादा सचिव विधेयकाला का विरोध करतोय, याची कल्पना करा. त्याला कोणी विकत घेतलेलं नाही. त्याच्या खात्याचा हिशेबच बंदीवर बसलेला आहे.

कॅलिफोर्नियात २०१० मध्ये गांजा खुला करण्यावर सार्वमत झालं आणि प्रस्ताव पडला. राज्याच्या उत्तरेला हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्या, म्हणजे जिल्हे, पिढ्यान्‌पिढ्या चोरट्या गांजाच्या शेतीवर जगत आल्या होत्या. तिथेही विरोधी मतं जास्त पडली. भाव कोसळेल आणि मोठ्या कंपन्या येतील ही तिथल्या छोट्या उत्पादकांची भीती होती. ॲरिझोनात २०१६ मध्ये असाच प्रस्ताव थोडक्यात हरला. त्याच्या विरोधात पाच लाख डॉलर देणाऱ्यांत इन्सिस ही औषध कंपनी होती आणि तिचं मुख्य उत्पादन होतं तोंडात फवारायचं फेंटानिल, म्हणजे अफूसारखं काम करणारं अतितीव्र वेदनाशामक. त्या कंपनीच्या संस्थापकाला २०१९ मध्ये, डॉक्टरांना लाच देऊन ते औषध खपवल्याबद्दल, अमेरिकेच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं. मूळ माफियांना वेसण घालायला १९७० मध्ये केलेला कायदा. इतकी सरळ कथा कोणी कल्पनेने रचली असती तर मी हस्तलिखितावर ‘फार ओढूनताणून’ असा शेरा मारला असता.

तर तुमच्या खलनायकाकडे पहिल्या प्रकरणापासून मारेकरी असण्याचं कारण नाही. आधी त्याच्याकडे वकील, हिशेबनीस आणि दोन-तीन खासदार असू द्या. इथे कोलंबियाचा इतिहास बारकाईने वाचा, कारण एकाच देशात, एकाच काळात दोन टोळ्यांनी दोन वेगळे मार्ग घेतले.

मेदेयीन शहरातल्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याने १९८२ मध्ये पर्यायी सदस्य म्हणून संसदेत प्रवेश मिळवला. न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया त्याच्यामागे लागले, तेव्हा सुरुवात गोळीने झाली नाही. १९८३ मध्ये संसदेत आरोप झाला की लारांनीच एका तस्कराकडून प्रचारासाठी धनादेश घेतला आहे, आणि त्याची प्रतही दाखवली गेली. सुधारणा करू पाहणाऱ्याचं नाव आधी मळवायचं. लारा मागे हटले नाहीत आणि ३० एप्रिल १९८४ ला त्यांची हत्या झाली. पुढे सगळा संघर्ष एका कलमाभोवती फिरला: गुन्हेगारांचं अमेरिकेला प्रत्यार्पण. त्यासाठी न्यायाधीश, पत्रकार, पोलिस मारले गेले, १८ ऑगस्ट १९८९ ला राष्ट्राध्यक्षपदाचे प्रमुख उमेदवार लुईस कार्लोस गालान मारले गेले. आणि मग १९ जून १९९१: घटना समितीने प्रत्यार्पणावर बंदी घालण्याच्या बाजूने मतदान केलं आणि त्याच दिवशी एस्कोबार शरण आला, स्वतःच्या पसंतीने बांधलेल्या तुरुंगात. इतकं रक्त सांडून त्याला मिळवायचं होतं ते राज्यघटनेतलं एक वाक्य.

काली शहरातल्या टोळीने बॉम्बपेक्षा पाकिटांवर भिस्त ठेवली. १९९४ मध्ये एर्नेस्तो साम्पेर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि लगेच ध्वनिफिती बाहेर आल्या, ज्यांत त्यांच्या प्रचाराला मिळालेल्या टोळीच्या पैशाची चर्चा होती. प्रचाराचा खजिनदार तुरुंगात गेला, प्रचारप्रमुख राहिलेला संरक्षणमंत्री तुरुंगात गेला, खुद्द साम्पेर यांना संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १९९६ मध्ये दोषमुक्त केलं आणि त्यांनी मुदत पूर्ण केली. या दोन मार्गांतला तुमच्या टोळीचा कोणता, ते तिच्या परिस्थितीवरून ठरवा. राजकीय संरक्षण शाबूत असेपर्यंत टोळी शांत असते. ते तुटलं की हिंसा सुरू होते. सिसिलीत हेच झालं. ३० जानेवारी १९९२ ला इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने माफियांच्या शिक्षा कायम केल्या. त्या रद्द करवून आणण्याची अपेक्षा ज्याच्याकडून होती, तो राजकारणी साल्वो लिमा १२ मार्चला मारला गेला. माफियांविरुद्ध खटले उभे करणारे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने २३ मे रोजी मारले गेले आणि पाओलो बोर्सेलिनो १९ जुलैला. पहिली गोळी शत्रूला लागली नाही, ती ‘आपल्या’ माणसाला लागली. तुमच्या कादंबरीतला पहिला खूनही पंतप्रधानाच्या गोटातला नसावा, टोळीच्या खिशात असलेल्या आणि आता निरुपयोगी झालेल्या खासदाराचा असावा. पोलिस अधिकारी त्या खुनाचा अर्थ उलटाच लावेल, आणि वाचकही.

आता नियमांकडे येऊ. तुमच्या आराखड्यात हा भाग एका ओळीत उरकला आहे आणि मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते याबद्दल.

समजा विधेयकात एक निरुपद्रवी दिसणारं कलम आहे: अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला परवाना मिळणार नाही. सभागृहात सगळे बाकं वाजवतील. पण शिक्षा कोणाला झालेली असते? कोपऱ्यावर पुड्या विकणाऱ्या पोराला, ओझं वाहणाऱ्या बाईला, चार रोपं लावणाऱ्या शेतकऱ्याला. टोळीच्या प्रमुखाच्या नावावर बहुतेकदा एकही शिक्षा नसते आणि त्याच्या भाच्याची पाटी तर कोरी असते. या कलमाने गरीब माणूस कायमचा बाहेर राहतो आणि डमी मालकांमार्फत टोळी आत येते. मला या विषयात मनापासून चीड येते ती इथे. ज्यांनी बंदीची सगळी किंमत मोजली, त्यांना कायदा आल्यावरही बाजारातून हाकललं जातं. तुमच्या नायकाला चीड आणणारी गोष्टही हीच असू द्या.

दुसरं कलम कराचं. कर जास्त ठेवला की दुकानातला माल महाग पडतो आणि ग्राहक जुन्या ओळखीच्या माणसाकडेच जातो. कॅलिफोर्नियात २०१६ च्या सार्वमतानंतर १ जानेवारी २०१८ पासून खुली विक्री सुरू झाली. लागवडीवर कर, विक्रीवर कर, शिवाय स्थानिक कर. त्यात निम्म्याहून जास्त शहरांनी आणि काउंट्यांनी आपल्या हद्दीत दुकानं नकोत असं ठरवलं. चोरटा बाजार राहिलाच. लागवडीवरचा कर शेवटी २०२२ मध्ये रद्द करावा लागला. उरुग्वेने उलट केलं, औषधाच्या दुकानातला सरकारी भाव मुद्दाम चोरट्या बाजाराशी टक्कर देईल इतका खाली ठेवला. म्हणजे टोळीला विधेयक पाडायची गरजच नाही. तिच्या खासदाराने उभं राहून, तरुण पिढीच्या काळजीने गळा दाटून, कर दुप्पट करण्याची दुरुस्ती सुचवली तरी काम होतं. विरोधी पक्ष ती उचलून धरेल, अर्थमंत्री खूश होईल, आणि काय घडलं हे सभागृहात फक्त दोघांना कळेल. या प्रसंगासाठी वीस पानं द्या.

परवाने किती आणि कसे द्यायचे हाही तितकाच मोठा प्रश्न. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने जानेवारी २०१९ मध्ये दुकानांचे पहिले पंचवीस परवाने चक्क सोडतीने दिले. सोडत म्हटली की एकाच पैशावर शेकडो नावांनी अर्ज कसे भरता येतील, हा विचार तुमच्या हिशेबनिसाच्या डोक्यात आलाच पाहिजे.

बँकांचं प्रकरण मात्र मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही. उरुग्वेत जुलै २०१७ मध्ये औषधाच्या दुकानांतून गांजाविक्री सुरू झाली. कायदा देशाचा, परवाना सरकारचा. काही आठवड्यांतच बँकांनी त्या दुकानदारांना खाती बंद करण्याचा इशारा दिला, कारण डॉलरचे व्यवहार अमेरिकी बँकांतून जातात आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हा पैसा अमली पदार्थांचाच. सरकारी मालकीची बँकसुद्धा त्याला अपवाद नव्हती. काही दुकानदारांनी विक्री सोडली. सार्वभौम देशाची संसद जे ठरवते, ते दुसऱ्या देशातल्या बँकेच्या नियमपालन विभागातला एक ईमेल अडवू शकतो. यात बंदूक कुठेही नाही, तरी मला यापेक्षा भीतीदायक प्रसंग सुचत नाही. आणि बँका दारं बंद करतात तेव्हा रोख पैसा साठतो. रोख सांभाळायला, हलवायला, पांढरा करायला कोण अनुभवी असतं, हे वाचकाला सांगावं लागणार नाही.

आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख हवा, पण त्यावर पानं खर्च करू नका. १९६१, १९७१ आणि १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांनी बहुतेक देश बांधलेले आहेत. बोलिव्हियाने कोकाची पानं चघळण्याच्या परंपरेसाठी १९६१ च्या करारातून बाहेर पडून, २०१३ मध्ये त्या एका मुद्द्यावर अट घालून पुन्हा प्रवेश मिळवला. तुमच्या परराष्ट्रमंत्र्याला हा मार्ग माहीत असावा, इतकंच.

पंतप्रधान हे विधेयक का आणतो? ‘त्याचा भाऊ व्यसनाने गेला’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. व्यसनाने घरं उद्ध्वस्त होतात, आणि अशा घरातला माणूस बंदीच्या बाजूनेही तितक्याच तळमळीने उभा राहू शकतो. त्याच घरातली बहीण विरोधात असेल तर दोघांचंही म्हणणं खरं वाटलं पाहिजे. सत्तेचं कारण मात्र वेगळं असतं. ब्राझीलचे कार्दोसो, मेक्सिकोचे सेदियो, कोलंबियाचे गाविरिया यांनी अमली पदार्थांविरुद्धचं युद्ध फसल्याचं २००९ मध्ये एकत्र येऊन सांगितलं, पण तेव्हा तिघेही माजी राष्ट्राध्यक्ष होते. पदावर असताना २०१२ मध्ये कायदेशीरकरणाची चर्चा मांडणारे ग्वाटेमालाचे ओत्तो पेरेस मोलिना हे माजी लष्करी जनरल, आणि २०१५ मध्ये सीमाशुल्क घोटाळ्यात त्यांना पद सोडून तुरुंगात जावं लागलं. धोरण योग्य असेल आणि ते मांडणाऱ्याचे हात स्वच्छ नसतील, तर नायकाने कोणाची बाजू घ्यायची? थायलंडमध्ये गांजा ९ जून २०२२ ला अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, कारण आघाडीतल्या एका पक्षाने निवडणुकीत तसं वचन दिलं होतं. जून २०२५ मध्ये तो पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि त्याच महिन्यात आरोग्य खात्याने गांजाविक्रीला डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. आघाडी सरकारच्या गणितात एक मंत्रिपद हललं की हजारो दुकानांचं भवितव्य बदलतं.

पोलिस दलाचं चित्रणही एकसुरी आहे. जुलियन फँटिनो हे कॅनडातल्या टोरोंटो शहराचे पोलिसप्रमुख होते, नंतर केंद्रात मंत्री झाले आणि गांजा खुला करण्याचे कडवे विरोधक म्हणून ओळखले गेले. २०१७ मध्ये ते वैद्यकीय गांजाशी संबंधित कंपनीच्या प्रमुखपदी आले. बेकायदेशीर असं त्यात काही नव्हतं. पण तुमच्या अधिकाऱ्याने उमेदीची वर्षं जिवावर उदार होऊन ज्यांच्या आदेशावर छापे घातले, तेच साहेब आता त्या मालाच्या कंपनीत बसलेले दिसले, तर त्याच्या मनाचं काय होईल? ते पान मला वाचायचं आहे.

आणि टोळी संपते का? अमेरिकेत दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. टोळ्या जुगार, कामगार संघटनांतली खंडणी आणि अमली पदार्थ यांकडे वळल्या. मेक्सिकोच्या मिचोआकानमध्ये टोळ्यांनी अवोकाडो आणि लिंबाच्या बागायतदारांकडून हप्ते घेतले, लोहखनिजाच्या व्यापारात शिरल्या, इतक्या की नोव्हेंबर २०१३ मध्ये लासारो कार्देनास बंदराचा ताबा लष्कराला घ्यावा लागला. एका पदार्थावरची कमाई आटली तरी माणसं, शस्त्रं, धाक आणि खिशातले अधिकारी शिल्लकच राहतात. तुमच्या शेवटच्या प्रकरणात टोळी कोलमडते, ते काढून टाका. ती काय विकायला लागते ते दाखवा.

उरला तुमचा शेवटचा उपप्रश्न: पंतप्रधान मरावा की वाचावा? गालान यांच्या हत्येनंतर त्यांचे प्रचारप्रमुख सेसार गाविरिया उमेदवार झाले. त्यांना मारण्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ ला आव्हियांका या विमान कंपनीच्या विमानात बॉम्ब ठेवला गेला. ते त्या विमानात नव्हते. विमानातले सगळे १०७ जण गेले. १९९० मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्याच कारकिर्दीत प्रत्यार्पणबंदी घटनेत आली, त्यांच्याच कारकिर्दीत २ डिसेंबर १९९३ ला एस्कोबार मारला गेला, आणि हेच गाविरिया २००९ मध्ये हे युद्ध फसलं म्हणाले. मृताचा झेंडा उचलणारा, वाचलेला, तडजोड केलेला, मत बदललेला हा माणूस कोणत्याही हुतात्म्यापेक्षा कादंबरीला जास्त काही देतो. म्हणून पंतप्रधानाला मारायचंच असेल तर पहिल्या तृतीयांशातच मारा. विधेयक अशा माणसाच्या हाती द्या ज्याचा त्यावर विश्वास नाही, पण सहानुभूतीच्या लाटेमुळे जो ते मागे घेऊ शकत नाही. मंजुरी मध्यावर येऊ द्या. पुढचा सगळा भाग नियमांचा, आणि तुमच्या पोलिस अधिकाऱ्याची बदली परवाना विभागात, अर्जदारांची पार्श्वभूमी तपासायला. टोळीचा अर्ज येईल तेव्हा त्यात एकही खोट नसावी. तो नाकारायला त्याच्याकडे कोणतं कलम आहे, हे मात्र लिहायला बसण्याआधी ठरवून घ्या.